सतरावा सामना नको: कॉलेज फुटबॉल प्लेऑफच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन समिती, कॉलेज फुटबॉल प्लेऑफ
(दहा कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धागटांचे, आयुक्त आणि नोटर डेम विद्यापीठाचे क्रीडा संचालक)

विषय: हंगामातल्या सामन्यांची कमाल मर्यादा आणि डिसेंबर-जानेवारीचं वेळापत्रक

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला स्वतंत्रपणे मिळेल. ही मराठी प्रत आम्ही जाहीर करत आहोत, कारण अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी, शिकवणारी आणि दर शनिवारी हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बघणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. टीव्हीवर सामना दिसतो. त्या सामन्यासाठी आठवडाभर काय चालतं ते दिसत नाही. त्यांच्यासाठी, आपल्याला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा सांगाव्या लागतील, तेवढं सांभाळून घ्यावं.

मागणी आधीच सांगतो. प्लेऑफमधले, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतले, संघ 12 च्या पुढे वाढवण्यापूर्वी, एका संघाने एका हंगामात जास्तीत जास्त किती सामने खेळायचे ते नियमात लिहा. तो आकडा 16 च्या वर जाऊ देऊ नका. आणि 2027 च्या हंगामापासून अंतिम सामना जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत उरका.

आकडा कसा वाढत गेला ते एकाच संघाकडे बघून कळतं. कोलंबसच्या ओहायो स्टेटने 1968 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा रोझ बोल हा साखळीनंतरचा मानाचा सामना धरून ते 10 सामने खेळले होते. 2002 च्या विजेतेपदासाठी 14 लागले. 2014 मध्ये, चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला त्याच वर्षी, 15. आणि 2024 मध्ये, 12 संघांच्या प्लेऑफच्या पहिल्याच वर्षी, 16. सध्याच्या रचनेत 17 सुद्धा शक्य आहेत: साखळीचे 12, कॉन्फरन्सचा अंतिम सामना 1 आणि पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं तर प्लेऑफचे 4. संघ 16 केलेत आणि कुणालाच पहिल्या फेरीतून सूट ठेवली नाहीत, तर कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळून राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत जाणारा प्रत्येक संघ 17 खेळेल. 24 केलेत तर सूट नसलेल्यांसाठी हा आकडा 18 होतो. 18 ते 23 वयाची ही मुलं सोमवारी सकाळी वर्गात बसायची असतात.

2024 चा ओहायो स्टेटचा हंगाम आम्ही मुद्दाम घेतो आहोत, कारण तो यशस्वी हंगाम आहे. हरलेल्या संघाचं उदाहरण दिलं की तक्रारीचा सूर लागतो. हा संघ 14 जिंकला, 2 हरला, आठव्या मानांकनावरून राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचे 14 खेळाडू व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडले गेले. राखीव खेळाडूही इतके चांगले असलेला संघ या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी असतो. त्या संघाला हा हंगाम किती महागात पडला ते बघा, मग बाकीच्यांचा विचार करा.

मराठी वाचकांना तारखा ध्यानात ठेवायला एक सोय आहे: त्या वर्षी आपले तीन सण शनिवारीच आले होते. गणेशचतुर्थीला, 7 सप्टेंबरला, वेस्टर्न मिशिगनवर 56-0. दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, ओरेगनकडून 32-31 असा एका गुणाने पराभव. पाडव्याला, 2 नोव्हेंबरला, पेन स्टेटवर 20-13.

दसऱ्याच्या त्या सामन्यात डावा टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूला, राखणाऱ्या पाच जणांच्या भिंतीतला टोकाचा माणूस. क्वार्टरबॅक उजव्या हाताने चेंडू टाकणारा असेल तर त्याची डावी बाजू त्याला दिसत नाही, ती या माणसाने सांभाळायची. पुढचा सामना 26 ऑक्टोबरला नेब्रास्काशी. तिथे बदली टॅकलला जड गेलं, तोही जायबंदी झाला, आणि सामना 21-17 असा कसाबसा वाचला. मग एका आठवड्यात डावा गार्ड, म्हणजे टॅकलच्या शेजारी आतल्या बाजूला उभा राहणारा, डॉनोव्हन जॅक्सनला टॅकलच्या जागी उभं केलं.

गार्ड आणि टॅकल यांच्यात जागेचं अंतर एका मीटरच्या आसपास, पण कामात फार मोठा फरक आहे. गार्डसमोरचा माणूस 135-140 किलोचा, हात पुढे केला की लागेल इतक्या जवळ. लढाई पहिल्या पावलात लागते आणि दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. टॅकलसमोरचा 115-120 किलोचा, पण बाहेरच्या बाजूला लांब उभा आणि वेगाने वळसा घालून येणारा. टॅकलला डावा पाय मागे-बाहेर टाकत, उजवा त्याच्यामागून ओढत सरकावं लागतं, आणि हे करताना कंबर उघडायची नाही. खांदे एक क्षण आधी बाहेर वळले की आतली वाट मोकळी झालीच. पाय लांब पडला तर तोल मागे जातो, आखूड पडला तर समोरचा वळसा घालून निघून जातो. यात सगळा भार मांडीच्या आतल्या स्नायूवर आणि डाव्या घोट्यावर येतो, म्हणजे जिथे गार्डच्या सरावात तो कधी इतका आलेलाच नसतो. स्नायूंना असा नवा भार पेलायला सहा ते आठ आठवडे द्यावेत असं कुठलाही फिजिओ सांगेल. मिळाला एक आठवडा, तोही सरावाच्या आठवड्याला 20 तासांच्या मर्यादेत. जॅक्सनने हे निभावलं आणि पुढे तो ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडला गेला. तो अपवादात्मक खेळाडू आहे, आणि वेळापत्रक अपवादात्मक खेळाडूंना धरून आखता येत नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा, सेथ मॅक्लॉफ्लिनची टाचेची शीर तुटली, तीही सरावात. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्कृष्ट सेंटर म्हणून पुढे त्यालाच रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली. सेंटर बदलला की फक्त एक माणूस बदलत नाही. समोरच्या संघातला मधला लाइनबॅकर (पहिल्या रांगेमागचा बचावपटू) कोण हे तो ओळखून ओरडून सांगतो आणि त्यावरून पाचही जणांचे लक्ष्य ठरतं. चेंडू मागे देतानाचं त्याचं पाऊल आणि क्वार्टरबॅकचं पाऊल यांची लय जमलेली असते, ती नव्याने जमवावी लागते. कार्सन हिन्झमनला गार्डवरून सेंटरला आणलं, गार्डच्या जागी तिसरंच कुणी. म्हणजे पाचांच्या रांगेतल्या डावीकडच्या तीन जागांवर हंगामाच्या सुरुवातीची माणसं राहिली नाहीत. 30 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनसमोर या संघाला धावून जेमतेम 77 यार्ड मिळाले आणि सामना 13-10 असा गेला. हा बारावा सामना होता. अजून चार बाकी होते.

ही पडझड अपघाताने होत नाही. ऑफेन्सिव्ह लाइनमधला, म्हणजे या पाचांच्या रांगेतला, माणूस एका सामन्यात 60 ते 70 वेळा उठून धडकतो. 16 सामन्यांत हजाराच्या आसपास. जुलैअखेर सराव शिबिर सुरू होताना 142 किलो असलेला मुलगा, रोज पाच-सहा हजार कॅलरी पोटात घालूनही, थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) चार-पाच किलोंनी उतरतो, आणि उतरतो तो बहुतेक स्नायूच. शनिवारी सामना. रविवारी बर्फ, मालीश आणि चित्रफीत. मंगळवार-बुधवारी पूर्ण पॅड घालून जड सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी नुसती उजळणी. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन करायचं, जितके किलो कमी झाले त्याच्या दीडपट लिटर पाणी आणि मीठ पोटात गेलंच पाहिजे. घोट्याला दीड इंची पांढरी पट्टी, दोन्ही गुडघ्यांना बिजागरीचे ब्रेस. हे सगळं नीट केलं तरी सातव्या-आठव्या सामन्यापासून मंगळवारपर्यंत शरीर पूर्ण भरून येत नाही. पुढचा प्रत्येक सामना आधीची उरलेली सूज घेऊन खेळला जातो. घोट्याच्या वरच्या अस्थिबंधाची दुखापत भरायला चार ते सहा आठवडे लागतात. ती 15 नोव्हेंबरला झाली तर मुलाने डिसेंबरच्या मध्यावर तयार असायला हवं, पण बाराव्या सामन्याला बाहेर बसवायचं म्हटलं की सगळीकडून दबाव येतो.

यात प्रवासही धरा. 2024 पासून बिग टेन कॉन्फरन्समध्ये 18 विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत. ओरेगनच्या युजीनला संध्याकाळचा सामना खेळून कोलंबसला परत यायचं तर तीन तासांचा वेळेचा फरक ओलांडून पहाट होते. त्या रविवारचा उपचार दुपारी सुरू होतो आणि सगळा आठवडा अर्धा दिवस मागे पडतो.

आता डिसेंबर. खरं दुखणं इथे आहे.

2024 मध्ये साखळी 30 नोव्हेंबरला संपली. 4 डिसेंबरला नव्या मुलांच्या करारांचा दिवस. 6 आणि 7 डिसेंबरला कॉन्फरन्सचे अंतिम सामने. 9 डिसेंबरला ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, उघडलं, ते 28 पर्यंत. मधे सत्र परीक्षा. 20 आणि 21 तारखेला पहिली फेरी. पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक ब्यू प्रिब्युला पहिल्या फेरीच्या आधीच पोर्टलमध्ये गेला; थांबला असता तर दुसरीकडच्या जागा भरून गेल्या असत्या. दोष त्याचा नव्हता, तारखांचा होता. पुढे एनसीएएने, म्हणजे विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, तारीख बदलली, 2026 मध्ये पोर्टल 2 ते 16 जानेवारी असं केलं. पण उपांत्य सामने 8 आणि 9 जानेवारीला होते. म्हणजे ओढाताण डिसेंबरातून काढून जानेवारीत नेली, एवढंच. प्रशिक्षकांचंही तेच. ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) प्रशिक्षक लेन किफिन 30 नोव्हेंबर 2025 ला, संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना, एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेले. संघाने पुढे उपांत्य फेरी गाठली ही त्या मुलांची कमाल. विद्यापीठांना नवा प्रशिक्षक डिसेंबरच्या करारांआधी हवा असतो, त्यामुळे ही घाई वेळापत्रकातच रुजलेली आहे. अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी पोर्टल उघडा, करारांचा दिवस फेब्रुवारीत न्या, हे प्रश्न निम्म्याहून कमी होतील.

डिसेंबरच्या मध्यानंतर विद्यापीठ रिकामं होतं. खाणावळी बंद, वसतिगृहं बंद, ग्रंथालयाच्या वेळा अर्ध्या. शंभरावर मुलांना हॉटेलात ठेवून तीन वेळा जेवण बाहेरून आणावं लागतं. वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांची सगळ्यात आबाळ होते. उत्तरेकडच्या जुन्या स्टेडियमांत हिवाळ्यात नळ फुटू नयेत म्हणून पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून ठेवायची रीत आहे. घरच्या मैदानावर डिसेंबरचा सामना म्हणजे ते सगळं पुन्हा उघडायचं आणि गरम ठेवायचं. 21 डिसेंबरला कोलंबसमध्ये टेनेसीविरुद्ध रात्री 8 चा सामना झाला तेव्हा तापमान शून्याखाली होतं. कृत्रिम हिरवळ थंडीत कडक होते, लांब खिळ्यांचे बूट तिच्यात रुततही नाहीत आणि सुटतही नाहीत, म्हणून आखूड आणि जास्त खिळ्यांचे घालावे लागतात. बाकावर दहा मिनिटं बसलेल्या रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, पुन्हा पूर्ण वेगाने पाठवायचं असेल तर आधी दोन-तीन वेळा बाजूला धाववून मांडीचा मागचा स्नायू गरम करावाच लागतो. ओहायो स्टेटने तो सामना 42-17 असा जिंकला. आमचा घरच्या मैदानांना विरोध नाही, उलट अशा सामन्यांचं वातावरण तटस्थ मैदानावर कधीच मिळत नाही. विरोध तारखेला आहे.

आणि ज्यांना पहिल्या फेरीतून सूट मिळते त्यांचं काय होतं तेही दोन वर्षं सगळ्यांनी पाहिलं. 2024 मध्ये सूट मिळालेले ओरेगन, जॉर्जिया, बॉइसी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट हे चारही संघ पहिल्याच सामन्यात हरले. ओरेगन 7 डिसेंबरनंतर थेट 1 जानेवारीला उतरलं, मधे 25 दिवस. ओहायो स्टेट 11 दिवसांपूर्वीच एक सामना खेळून आलं होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्येच 34-0 झालं, शेवटी 41-21. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटलाच ही सूट मिळाली. 6 डिसेंबरला बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाकडून 13-10 असा पराभव, मग 25 दिवसांनी, 31 डिसेंबरला, मायामीकडून 24-14. त्या वर्षी जॉर्जिया आणि टेक्सस टेकही तसेच गेले. इंडियानाने मात्र अलाबामाला 38-3 असं हरवून सूट पचवली आणि पुढे विजेतेपदही घेतलं. तरी हिशेब आठांपैकी सात पराभवांचाच.

यात सामन्याचा वेग हरवतो हे एक कारण, पण आम्हाला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. 25 दिवस सामना नसला की प्रशिक्षकांना संघ मऊ पडल्यासारखा वाटतो. मग पहिली फळी विरुद्ध पहिली फळी असा पूर्ण ताकदीचा सराव लावला जातो. खेळाडूच्या पाठीवरच्या जीपीएस पट्टीत ते स्वच्छ दिसतं: आठ दिवस भार खाली, मग दोन दिवसांत एकदम शिखर. दहा-बारा दिवस आपल्या कमाल वेगाच्या 90 टक्क्यांपर्यंतही न गेलेला मुलगा अचानक पूर्ण वेगाने पळवला की मांडीचा मागचा स्नायू तिथेच फाटतो. दोन सामन्यांत 10 ते 14 दिवसांचं अंतर शरीराला मानवतं. सहा-सात दिवस कमी पडतात, 25 दिवस घातक ठरतात.

नोटर डेमने 2024 च्या हंगामात 2 जानेवारीला शुगर बोल (उपांत्यपूर्व सामना) खेळला आणि 9 जानेवारीला ऑरेंज बोल (उपांत्य सामना). मधे सात दिवस. न्यू ऑर्लिन्समधल्या हल्ल्यामुळे शुगर बोल एक दिवस पुढे ढकलावा लागला होता, तो निर्णय योग्यच होता. पण वेळापत्रकात एका दिवसाचीही सैल जागा ठेवलेली नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. ऑरेंज बोलमध्ये त्यांचा डावा टॅकल अँथनी नॅपचा घोटा गेला आणि 20 जानेवारीला ओहायो स्टेटसमोर तो उतरू शकला नाही.

यावर आमचं वेळापत्रक असं आहे, 2027 च्या तारखांसह. सगळ्या संघांना 28 ऑगस्टच्या शनिवारपासून खेळण्याची मुभा द्या. 27 नोव्हेंबरपर्यंत 14 शनिवार मिळतात, त्यांत 12 सामने आणि प्रत्येकाला दोन मोकळे आठवडे. हे महत्त्वाचं का? 2024 मध्ये अमेरिकेतल्या कामगारदिनाच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवारपासून 14 शनिवार मिळाले, म्हणून ओहायो स्टेटला दोन मोकळे आठवडे होते. 2026 मध्ये 5 सप्टेंबर ते 28 नोव्हेंबर असे 13 च शनिवार आहेत, म्हणजे एकच. आणि त्या हंगामाचा अंतिम सामना लास व्हेगासला 25 जानेवारी 2027 रोजी ठेवला आहे. विश्रांती एका आठवड्याने कमी आणि हंगाम जानेवारीच्या शेवटापर्यंत, हे दोन्ही एकाच वर्षी. 2026 चे करार झालेले आहेत, ते मोडा असं आम्ही म्हणत नाही. 2027 मध्ये मात्र 4 डिसेंबरला कॉन्फरन्सचे अंतिम सामने, 10 आणि 11 ला पहिली फेरी, 18 ला उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकनाच्या घरच्या मैदानावर, 1 जानेवारीला उपांत्य फेरी मोठ्या बोलमध्ये, आणि 10 जानेवारीला अंतिम सामना. सूट मिळालेल्यांना 25 ऐवजी 14 दिवसांचं अंतर. पुढच्या दोन टप्प्यांना 14 आणि 9 दिवस.

आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहेत.

पहिला, उन्हाचा. 28 ऑगस्टला खेळायचं तर शिबिर 30 जुलैच्या सुमारास सुरू होणार, आणि टेक्सस-लुइझियानातलं ते ऊन आम्ही हलक्यात घेत नाही. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर 29 मे 2018 च्या व्यायामसत्रात उष्माघाताने कोसळला आणि 13 जूनला गेला. त्याला वेळेत थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही. पण उष्माघातातला मृत्यू टाळता येतो आणि तो कसा टाळायचा ते ठरलेलं आहे. पहिले सात दिवस अंगवळणी पाडण्याचे: आधी नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण पोशाख. मैदानावर आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणारं यंत्र, आणि त्याचा आकडा वर गेला की सराव आपोआप आखूड. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेला टब, सराव सुरू होण्याआधी भरलेला. मुलगा बरळू लागला, अडखळला, की गुदद्वारातलं तापमान घ्यायचं, कपाळावरचं नव्हे; ते 40.5 अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर आधी टब, मग रुग्णवाहिका. मानेपर्यंत बुडवून, पाणी सतत ढवळत, अर्ध्या तासाच्या आत 39 च्या खाली आणायचं. ढवळलं नाही तर अंगाभोवती कोमट पाण्याचा थर बसतो आणि थंडावा पोचत नाही. आधी रुग्णवाहिकेत घातलं की हा अर्धा तास रस्त्यात जातो, आणि मुलं तिथेच दगावतात. हा टब नसेल त्या संघाला उन्हाळी सराव करूच देऊ नका. ऑगस्टचा धोका असा हाताळता येतो. जानेवारीतल्या सतराव्या सामन्याला असा कुठलाही टब नाही.

दुसरा आक्षेप परीक्षांचा: 11 डिसेंबर अनेक ठिकाणी परीक्षेच्या आठवड्यात येतो. खरं आहे. पण खालच्या श्रेणीत, एफसीएसमध्ये, 24 संघांचा प्लेऑफ थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, अंतिम सामना सोडून घरच्या मैदानांवर खेळला जातो आणि परीक्षांच्या आठवड्यातही चालू राहतो. त्यांच्याकडे पैसे कमी, माणसं कमी, तरी जमतं. त्या एका आठवड्यात सरावाची मर्यादा 20 वरून 12 तासांवर आणा, पॅड घालून एकच सत्र ठेवा, आणि पाहुण्या संघाबरोबर परीक्षा घेणारा माणूस पाठवा.

तिसरा टीव्हीचा, आणि इथे आकडे आमच्या बाजूने आहेत. 1961 च्या प्रसारण कायद्यामुळे व्यावसायिक लीगला सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शनिवारचे सामने दाखवता येत नाहीत. त्यानंतर त्यांचे शनिवार सुरू होतात. 21 डिसेंबर 2024 ला त्यांनी दोन सामने आपल्या पहिल्या फेरीसमोर लावले. डिसेंबरचा दुसरा शनिवार हा आपला शेवटचा मोकळा शनिवार आहे आणि आपण तो रिकामा सोडता. त्या दिवशी लष्कर आणि नौदल यांचा पारंपरिक सामना असतो. त्याची दुपारची वेळ तशीच राखा, शुक्रवारी संध्याकाळी दोन, शनिवारी दुपारी 12 ला एक आणि रात्री एक, असे चार सामने बसतात. 2026 पासून आपल्या प्रक्षेपणाचा करार वर्षाला सरासरी 130 कोटी डॉलरचा आहे. इतक्या पैशांत चार तारखा हलवण्याची ताकद नक्की असावी.

मोठ्या बोलचे आयोजक उपांत्यपूर्व फेरी हातची जाते म्हणून नाराज होतील. त्यांना उपांत्य फेरी आणि प्लेऑफबाहेरचे चांगले सामने आळीपाळीने द्या. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं आमच्याकडे काही नाही.

संघसंख्या वाढवायचीच असेल तर कॉन्फरन्सचा अंतिम सामना काढा किंवा साखळीचे सामने पुन्हा 11 करा. 2005 पर्यंत ते बहुतेक वर्षी 11 च होते. बारावा सामना कायमचा झाला तो उत्पन्नासाठी, आणि तो सहसा एखाद्या दुबळ्या संघाला पैसे देऊन घरी बोलावून खेळला जातो. त्या संघांची अंदाजपत्रकं या पैशांवर चालतात हे मान्य. ती रक्कम प्लेऑफच्या उत्पन्नातून थेट द्या.

आणखी एक गोष्ट, जी 2025 पासून बदलली आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. न्यायालयीन तडजोडीनंतर संघाची कमाल संख्या 105 झाली. आधी शिष्यवृत्तीचे 85 आणि त्यांच्या जोडीला बिनशिष्यवृत्तीची मुलं धरून मोठ्या संघांत 120 च्या वर माणसं असायची. ही जास्तीची मुलं आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारी स्काउट टीम व्हायची, मार खायची आणि पहिल्या फळीचा मार वाचवायची. आता नोव्हेंबरात वीस जण जायबंदी असले की सरावाला 85 उरतात, आणि दुसऱ्या फळीतल्या मुलालाच मंगळवारी स्काउट टीममध्ये धडका घ्याव्या लागतात, शनिवारी बदली म्हणून उतरावंही लागतं. सामने वाढले आणि माणसं घटली, ती एकाच वर्षाच्या अंतराने. निदान हंगामाच्या बाराव्या सामन्यानंतर पूर्ण पॅडचा सराव आठवड्यातून एकदाच, 60 मिनिटांच्या आत, असा नियम प्लेऑफच्या सगळ्या संघांना लावा. सगळ्यांना सारखाच लागला की कुणाचा तोटा नाही.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. बिग टेन आणि एसईसी या कॉन्फरन्स सामन्याआधी खेळाडूंच्या उपलब्धतेची यादी जाहीर करतातच. त्याच नोंदींवरून, नावं वगळून, प्रत्येक सामन्याच्या क्रमांकाप्रमाणे दुखापतींचा तक्ता दरवर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध करा: पहिल्या सामन्यानंतर किती बाद, आठव्यानंतर किती, तेराव्यानंतर किती, सोळाव्यानंतर किती, सरावात किती आणि सामन्यात किती, ऑफेन्सिव्ह लाइनचे किती. नोंदी प्रत्येक उपचारकक्षात रोज होतात, त्या एकत्र करायला एका माणसाचं महिन्याभराचं काम पुरे. संघसंख्येवर मतदान घ्याल त्या बैठकीत हा तक्ता टेबलावर असावा, आणि त्या बैठकीला संघांच्या वैद्यकीय प्रमुखांपैकी किमान दोघांना बोलवावं, अशी आमची विनंती आहे.

कळावे,
आपले,
अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉल संघांच्या उपचारकक्षांत, व्यायामशाळांत आणि भोजनव्यवस्थेत काम करणारे काही मराठी कर्मचारी